यहोशवाचा नववा धडा

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता माझे पती वारले. ते टेबलापाशी बसले होते. समोर वही होती आणि पेनाचं झाकण काढलेलं होतं. मी चहा घेऊन आले तेव्हा त्यांचं डोकं वहीवर होतं. बुधवारी दुपारी त्यांचा दफनविधी झाला.

ते अकोल्यात शाळेत शिक्षक होते आणि आमच्या चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक होते. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात ते चर्चमधल्या मुलांसाठी रविवारचे बारा धडे लिहीत. मी त्याच शाळेत ग्रंथपाल होते, म्हणून शुद्धलेखन तपासायचं काम माझं. या वर्षी त्यांनी बायबलमधल्या यहोशवा सेनापतीचं आयुष्य घेतलं होतं. मी विचारलं होतं, इतक्या लढाया मुलांना कशाला? ते म्हणाले, लढाया मलाही पटत नाहीत आणि ते मी मुलांना सांगणार आहे. त्यांना तो माणूस लढायांच्या आधीचा आणि नंतरचा आवडायचा. चाळीस वर्षं तो मोशे या पुढाऱ्याच्या मागे चालला, दुसऱ्याच्या तंबूबाहेर थांबून राहिला. आणि सगळं जिंकून झाल्यावर म्हातारपणी त्याच्या वाट्याला काय आलं, तर चिठ्ठ्या टाकून लोकांना जमिनी वाटून देणं आणि त्यांची भांडणं ऐकणं. "सेनापतीचा शेवटी तलाठी झाला," असं ते हसून म्हणायचे. आठ धडे लिहून झाले होते. नववा अर्धा होता.

घरी मागच्या बाजूला एक खोली आहे. आम्हाला मूल नाही. त्या खोलीत गेली वीस वर्षं बाहेरगावच्या मुली शिकायला राहत आल्या. नियम एकच, मुलगी लांबची हवी, जिला रोज जाऊन-येऊन शिकणं शक्य नाही अशी. मुलगी आली की हे एक रात्र प्रार्थना करायचे, दुसऱ्या दिवशी तिच्या गावी फोन करून चौकशी करायचे, आणि मगच हो म्हणायचे. रुपालीच्या वेळी यांनी यातलं काहीच केलं नाही.

ती मागच्या वर्षी जूनमध्ये आली. मेळघाटातल्या धारणीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून आले म्हणाली. चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला होता. हातात कुठल्याशा पाळकाचं पत्र होतं आणि पिशवीत वाळलेली मोहाची फुलं. "आमच्याकडची हाय जी, तुमच्यासाठी," ती म्हणाली. यांनी फुलं ओंजळीत घेऊन वास घेतला. नोकरीच्या सुरुवातीची चार वर्षं यांनी मेळघाटात काढली होती. तो वास त्यांना थेट तिकडे घेऊन गेला असणार. जेवणाच्या टेबलावर त्यांनी नेहमीची प्रार्थना केली आणि तिथेच म्हणाले, "पोरी, तुझं शिक्षण संपेपर्यंत हे घर तुझं. प्रभूसमोर सांगतो." मी आमेन म्हटलं. म्हणजे शब्द दोघांनी दिला होता, हे मला पुढे फार दिवस विसरून जावंसं वाटलं.

दफनानंतरच्या तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई फाटकाशी आली. डोक्यावर पदर आणि छातीशी धरलेलं एक गाठोडं. "मी रुपालीची माय," ती म्हणाली आणि ओट्यावरच बसली. "गुरुजी गेले म्हणलं, मंग घरी राहवलं नाई." यांचे धाकटे भाऊ, माझे दीर, तिथेच खुर्चीवर होते. ते एसटीत वाहक होते आणि प्रवाशांना प्रश्न विचारायची सवय त्यांची अजून गेलेली नाही. त्यांनी गाठोडं हातात घेतलं आणि तळहाताने चाचपलं.

"धारणीवरून कधी निघाल्या बाई?"

"सकाळीच जी."

"अन् भाकर अजून गरम हाये? चूल संगं घेऊन बसल्या होत्या का गाडीत?"

रुपाली दारात उभी होती. बाईने तिच्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. "पुलापलीकडून आली जी," ती म्हणाली. "जुन्या शहरातून. पायीच."

पुढचं तिने स्वतःहून सांगितलं. नवरा नाही. घरात दिराचं चालतं. दिराने रुपालीचं लग्न ठरवत आणलं होतं आणि पोरीला नर्स व्हायचं होतं. आमच्या खोलीबद्दल तिने ऐकलं होतं, नियमही ऐकला होता. मोर्णा नदीच्या पलीकडच्याच काठावरची मुलगी आम्ही ठेवली नसती. म्हणून पत्र रुपालीनेच लिहिलं. मोह बाजारातून आणला. चप्पल मात्र खरंच तुटलेली होती. घरी सांगितलं, पोरगी पुण्याला मावशीकडे कामाला गेली.

"आमच्या दादाले फसवलं तुमी," भाऊजी म्हणाले.

"फसवलं," ती म्हणाली. "पण भाकर फसवून नाई आणली."

भाऊजी रुपालीकडे वळले. "तू बोल ना. आता काहून दातखिळी बसली?" रुपालीने तोंड उघडलं. काहीतरी सांगायला ती निघाली होती, हे मला तेव्हाही दिसलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

मी तिला घालवलं नाही. घालवलं नाही म्हणून मी चांगली वागले असं मात्र नाही. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं सोडलं. नळाची पाळी आली की सगळे ड्रम तिने एकटीने भरायचे, मी खिडकीतून पाहत राहायची. भांडी, झाडू, लोकांना चहा, सगळं तिच्याकडे आपोआप गेलं आणि मी जाऊ दिलं. मला प्रार्थना करता येत नव्हती. डोळे मिटले की उघडं पेन दिसायचं. देवावर राग होता. तो देवाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तो पोरीवर निघत होता. आणि खरं सांगायचं तर यांच्यावरही होता. एक फोन करायला काय झालं होतं?

पाळकसाहेब येऊन म्हणाले, "बाई, गुरुजींचे धडे तुम्हीच पूर्ण करा. त्यांच्या वहीत दुसऱ्या कोणाचं अक्षर बरं नाही दिसणार." मी हो म्हणाले, पण वही उघडायला चार दिवस लागले. नवव्या धड्याचं नाव यांनी लिहिलं होतं, 'यहोशवाची चूक'. गिबोनी लोकांची हकीकत. ते लोक जवळचेच. जीव वाचवायला त्यांनी लांबून आल्याचं सोंग केलं. फाटक्या चपला, जुने कपडे, बुरसटलेल्या भाकरी. यहोशवाने त्या भाकरी पाहिल्या आणि देवाला न विचारता त्यांना अभय दिलं. तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारी. वहीत यांचं शेवटचं वाक्य होतं, "यहोशवाने विचारले नाही." त्यापुढे पेनाची एक रेघ खाली घसरत गेलेली.

मी ते वाक्य कितीदा वाचलं असेल. मग शास्त्रात पुढचं वाचलं. लोक चिडले, पण यहोशवाने शब्द मोडला नाही. त्याने त्यांना लाकडं फोडायला आणि पाणी भरायला लावलं. तिथे मी पुस्तक मिटलं. मागच्या अंगणात रुपाली ड्रम भरत होती, त्याचा आवाज येत होता.

अमरावतीच्या एका नर्सिंगच्या शाळेत तिचं नाव निवड यादीत लागलं होतं. शुक्रवारी पाचच्या आत मूळ कागद घेऊन मुलीने स्वतः जायचं, आणि पालकाने तिथे समोर सही करायची. अर्जावर पालक म्हणून हे होते. आता मीच जायला हवं होतं. ती बुधवारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाई, शुक्रवारचं..." मी म्हटलं, "बघू." गुरुवारी पुन्हा विचारायला ती आली नाही. शुक्रवारी सकाळी नऊला म्हणाली, "दाखला, मार्कशीटा मायच्या पेटीत हायेत. दहापर्यंत आणतो." मी मान हलवली. ती मान होकाराची होती की नाही, ते मलाच माहीत नव्हतं.

दहा वाजले, अकरा वाजले. मी टेबलापाशी बसले आणि हात रिकामे नकोत म्हणून यहोशवाच्या पुस्तकाचा दहावा अध्याय उघडला. गिबोन्यांनी यहोशवाशी तह केला म्हणून पाच राजे त्यांच्यावर चालून आले. त्यांनी छावणीत निरोप धाडला, आम्हाला सोडून देऊ नको, लवकर ये. म्हणजे फसवल्याबद्दल माफ करून संपत नव्हतं, ज्यांनी फसवलं त्यांच्यासाठी उठून जायचंही होतं. मी तिथवर आले आणि फोन वाजला. घड्याळात साडेबारा झाले होते. रुपालीची आई शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलत होती.

"बाई, लवकर या जी. मी तुमच्या घरी आलती, थे कोणं तरी दिराले सांगतलं. पोरीले आत बसवलं, कागद त्याच्यापाशी हायेत. तुमी सोडू नोका आमाले."

मी यावर वाद घालत नाही. फोन तसाच वाजला असता, मी पुस्तक उघडलं नसतं तरी. मी एवढंच सांगते की पुस्तक उघडं होतं. मायलेकींचं इतके दिवस लपलेलं उघडं पडलं ते आई माझ्या दुःखात भाकर घेऊन आल्यामुळे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, आपल्याले काय करायचं आता? त्यांची पोट्टी, त्यांचं घर." मी म्हटलं, "मी रिक्षाने जाते." दहा मिनिटांत त्यांची स्कूटर फाटकाशी आली. "बसा," ते म्हणाले. "उन्हात पायी सोडलं तुमाले, त दादा कबरीतून उठून येईन."

उन्हाने पुलावर माणूस नव्हता. जुन्या शहरातल्या त्या गल्लीत एक काळी-पिवळी जीप आडवी लावलेली होती. तिच्यामागे दारात बाजेवर ती चालवणारा रुपालीचा काका बसला होता. कागदांची प्लास्टिकची पिशवी त्याच्या मांडीखाली. मी आयुष्यात कोणाशी भांडलेले नाही. ग्रंथालयात तर मी मुलांना बोटानेच गप्प करायची.

"मी तिची पालक," मी म्हणाले. "पाचच्या आत अमरावतीला जायचं आहे."

"कोनत्या नात्यानं पालक?"

"माझ्या नवऱ्याने तिला शब्द दिला होता. ते गेले. शब्द माझ्याकडे आला."

तो हसला. "तुमाले त धारणी सांगून उल्लू बनवलं हिनं. ठावं हाये ना?"

"माहीत आहे."

"अन् तरी आल्या? म्हंजे बाटवाचं हाये तुमाले तिले."

भाऊजी पुढे सरकले. मी त्यांचा हात धरला. मग जे खरं होतं ते सांगितलं. "वर्ष झालं. ती दर चतुर्थीला आमच्या घरी उपास करते. साबुदाणा मी भिजवते."

त्याने पिशवी मांडीखाली आणखी सरकवली. आतून रुपालीच्या रडण्याचा आवाज येत होता. माझ्या मनात त्या वेळी एक शब्दही प्रार्थनेचा नव्हता. फक्त एवढं होतं, की माझ्याकडचं संपलं, आता तू बघ. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच चला ना. शाळा तुमच्या डोळ्यांनी बघा. नाही पटली तर तिथूनच परत आणा."

हे मी ठरवून बोलले नव्हते. भाऊजी माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी घराच्या किल्ल्या चोराला दिल्या. काकाने जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पाहीन बरं," तो म्हणाला. "नाई आवडलं त जागेवरून गाडी फिरवीन." तो उठला आणि पिशवी त्याने स्वतःच्या काखेत घेतली.

रुपाली तयार होऊन, जीपमध्ये डिझेल भरून अडीच वाजता निघालो. पुढे तो आणि भाऊजी, मागे मी आणि रुपाली. मूर्तिजापूरच्या अलीकडे मागचं चाक बसलं. भर उन्हात चाक बदलताना तो थांबून म्हणाला, "देवाच्याच मनात नाई दिसत बाई." मलाही तेच वाटत होतं. भाऊजींनी जॅकखाली दगड सरकवला आणि म्हणाले, "देवाचं नंतर पाहू. नट काढ." बडनेऱ्याला रस्त्याचं काम चालू होतं. पाच वाजले तेव्हा आम्ही तिथेच उभे होतो, पुढे ट्रक, मागे ट्रक. रुपालीने घड्याळ पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. मला यहोशवाचा तो दिवस आठवला, जेव्हा लढाई संपेपर्यंत सूर्य थांबला म्हणतात. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पाच वाजताही सूर्य तापतच असतो. पण शाळेची कचेरी सूर्यावर चालत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. कचेरीत अंधार होता, पण दार उघडं होतं. आत दहा-बारा माणसं कागदांनी वारा घेत बसली होती. टेबलामागच्या कारकून बाई घामाने भिजल्या होत्या. "चार वाजतापासून लाईन नाही," त्या वैतागून म्हणाल्या. "पाचला यादी बंद करायची होती. कम्प्युटरच बंद, त यादी कशी बंद करू? आलेच आहात त कागद द्या, हातानं लिहून ठेवते. लाईन आली की चढवीन."

काका काखेतल्या पिशवीवर हात ठेवून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याने पाहवलं नाही. मग टेबलावर प्लास्टिकचा आवाज झाला. त्याने पिशवी ठेवली होती.

कम्प्युटर बंद म्हणून बाईंनी कपाटातून कागदी अर्जांचा गठ्ठा काढला आणि रुपालीचा अर्ज शोधून माझ्यासमोर फिरवला. "आधीचे पालक?" "वारले," मी म्हणाले. "मग त्यांच्या सहीखाली तुमची करा." मी खिडकीच्या उजेडात अर्ज धरला. सगळा अर्ज यांच्या अक्षरात होता, उजवीकडे कलणाऱ्या, मी इतकी वर्षं तपासत आलेल्या. दोन महिन्यांपूर्वीचा. कायमचा पत्ता या रकान्यात यांनी लिहिलं होतं, जुने शहर, अकोला.

मी रुपालीला विचारलं, "त्यांना माहीत होतं?"

"अर्ज भरायच्या दिवशी मीच सांगतलं," ती म्हणाली. "गुरुजींनी आधी खरा पत्ता लिहला. मंग म्हणे, विचारलं मी नाही, चूक माझी. बाईंना मी सांगीन, तू सांगू नको. त्यांना खोटं सहन होत नाही, वेळ पाहून सांगतो."

"मग त्या दिवशी तू का बोलली नाहीस?"

"गुरुजी नव्हते ना जी. मेलेल्या माणसावर कसं ढकलू?"

मी खुर्चीवर बसले. काका हे सगळं ऐकत होता. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि आम्हा दोघींना वारा घालू लागला. सहीच्या पुढे नात्याचा रकाना होता, तिथे माझं पेन थांबलं.

"शब्द देल्ला माणूस, असं काही बसते का तुमच्या कागदात?" त्याने कारकून बाईंना विचारलं.

"नाही बसत."

"मंग काकू लिहा," तो म्हणाला.

मी लिहिलं. आम्ही पायऱ्या उतरत असताना पंखे सुरू झाले आणि आतून बाईंचा आवाज आला, "चला, झाली यादी बंद." काका तिथून वसतिगृह पाहायला गेला आणि पाणी रोज येतं का, हे त्याने तीन जणींना विचारलं. परत येताना गाडी त्याने फिरवली ती घराकडेच, पण रुपाली आमच्या फाटकाशी उतरली.

वीज तर आमच्याकडे रोजच जाते. त्या दिवशीही गेली असेल. मी इतकंच जाणते की ती गेली नसती तर यादी पाचला बंद झाली असती, आणि कपाटातला तो कागद कोणी बाहेर काढला नसता. मी खूण मागत होते आणि ती मिळाली ती घाम, अंधार आणि एका बाईच्या वैतागातून. यांनी ते मला का सांगितलं नाही, हे अजूनही दुखतं. मी कशी आहे ते त्यांना माहीत होतं, हे जास्त दुखतं. नववा धडा मुलांसाठी होता की माझ्यासाठी, हेही मला कळणार नाही. न कळताही प्रभूचे आभार मानता येतात, हे मी या वयात शिकते आहे. काकाच्या बाजेसमोर उभी असताना मी पहिल्यांदा हात मोकळे सोडले होते, आणि ज्याने आम्हाला अडवलं होतं त्याच माणसाने आम्हाला पोचवलं. यात माझी हुशारी कुठेच नव्हती.

रविवारी मी मुलांना धडा सांगितला. एका मुलीने विचारलं, "यहोशवाले राग नाई आला?" मी म्हटलं, आला असेल, म्हणून तर त्याने त्यांना पाणी भरायला लावलं. ते मात्र तुम्ही करू नका.

आता खोलीचा नियम मी काढून टाकला आहे. रुपाली अमरावतीला वसतिगृहात असते आणि सुट्टीत येते. नळाची पाळी असेल तर आम्ही दोघी पाणी भरतो. तिची आई गुरुवारी पुलावरून भाकर घेऊन येते, ती गरम असते. पेनाला झाकण लावलं आहे. वही टेबलावर आहे. तिच्यात साडेआठ धडे त्यांचे आहेत आणि साडेतीन माझे.